मेंदूत केमो पोचतच नाही म्हणतात, मग आत्याला ही कॅप्सूल कशाला?

लोकमान्यनगरी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. माझी आत्या, वय ६१, लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते, सगळं आयुष्य इंदूरच्या शाळेत गणित शिकवलं. दिवाळीनंतर तिचे शब्द अडकायला लागले, म्हणजे चमचा मागायचा तर "ते रे... ढवळायचं" असं. आम्ही म्हटलं वय झालं. मग एका सकाळी पोह्यांवर जिरावणाऐवजी (आमचा इंदुरी मसाला) चमचाभर हळद घालून शांतपणे खात बसली, आणि त्याच रात्री फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले बोलणं शाबूत ठेवून जेवढी काढता आली तेवढी काढली. रिपोर्ट आला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचाच कॅन्सर, ग्रेड ४.

आता सोमवारपासून शेक (रेडिएशन) सुरू, ३० दिवस, आणि सोबत टेमोझोलोमाइड नावाची केमोची कॅप्सूल रोज.

गोंधळ असा की आमच्या वाड्यात एक काका आहेत, आधी औषध कंपनीचे एमआर होते, ते म्हणाले मेंदूला भिंत असते, केमोचं औषध आत जातच नाही, उगीच पैसे घालवताय. आणि खरं सांगू का, मलाही ते पटलं, कारण माझ्या काकूला ब्रेस्टचा झाला होता तेव्हा सलाइनच्या बाटल्या, लाल औषध, केस गेले, सगळं पाहिलंय. आणि इथे एवढीशी कॅप्सूल, पोटात जाणार आणि डोक्यातल्या गाठीला मारणार? वर फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ येऊन राहिलेत की अल्ट्रासाउंडनं मेंदूचं दार उघडतात म्हणून. डॉक्टरांना विचारलं, पण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, ते म्हणाले "ही जाते आत, काळजी करू नका" आणि पुढचा पेशंट. कशी जाते ते कोणी समजावून सांगेल का? आत्या स्वतः विचारतेय, तिला उत्तर पटल्याशिवाय ती गोळी घेणार नाही, तुम्हाला माहीत नाही ती कशी आहे ते.

पिथमपूर_शिफ्ट

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, गणिताच्या बाईंना घाबरणाऱ्यांपैकी मी एक आहे. फार्मा कंपनीत आहे पिथमपूरला, डॉक्टर नाही, तेव्हा डोस वगैरे माझ्याकडून घेऊ नका, पण हे भिंतीचं प्रकरण माझ्या आवडीचं आहे.

एमआर काका अर्धे बरोबर आहेत. भिंत आहे. पण ती कवटीच्या आत एखादी पडदी बांधलीय अशी नाही, ती मेंदूतल्या प्रत्येक बारीक रक्तवाहिनीची स्वतःची कातडी आहे. मेंदूतल्या केशवाहिन्या एकाला एक जोडल्या तर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतात, म्हणजे धरा इंदूरहून मुंबई, आणि त्या अख्ख्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बंद कंपाउंड. शरीरात बाकी ठिकाणी रक्तवाहिनीच्या पेशींमध्ये फटी असतात, औषध त्यातून झिरपतं. मेंदूत त्या पेशी एकमेकींना शिवल्यासारख्या घट्ट. शोध पण गमतीशीर लागला, १८८५ मध्ये पाउल एर्लिखनं जनावराच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोरा. त्याला वाटलं मेंदूला हा रंग धरतच नाही. मग १९१३ मध्ये त्याच्याच शिष्यानं, गोल्डमननं, रंग उलटीकडून म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं. तेव्हा कळलं की मधे काहीतरी अडवतंय.

आता यातून जायचं कोणी? लहान पाहिजे आणि थोडं तेलात विरघळणारं पाहिजे, म्हणजे पेशीच्या भिंतीतूनच आरपार जाता येतं, फट लागत नाही. टेमोझोलोमाइडच्या एका रेणूचं वजन १९४ डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं माप). काकूंना ब्रेस्टसाठी ट्रास्टुझुमॅब दिलं असेल तर ते दीड लाखाच्या आसपास. म्हणजे एक सायकल आणि एक मालगाडी, गल्लीत कोण शिरणार सांगा. म्हणून कॅप्सूल लहान दिसते म्हणून कमी समजू नका, इथे लहान असणं हीच तिची लायकी आहे. पोटातून जवळजवळ सगळी रक्तात उतरते, म्हणून सलाइन लागत नाही. रक्तात जेवढी असते त्याच्या साधारण पाचवा हिस्सा मेंदूच्या पाण्यात सापडते. फार वाटत नाही ना? पण बाकीच्यांच्या मानानं ते भरपूर आहे.

आणि हो, फक्त लहान असून भागत नाही. भिंतीत पंप बसवलेले असतात, पी-ग्लायकोप्रोटीन त्यातला मुख्य, जे आत शिरलं त्याला परत रक्तात ढकलतात. पॅक्लिटॅक्सेल नावाच्या केमोच्या औषधाला हा पंपच बाहेर काढतो. पंपाला ओळखीचा चेहरा दिसला की गेलात.

निवांत_बसलोय

हे सगळं इंग्रजी औषधांचं. हळद गरम दुधात रोज द्या, कर्क्युमिन सगळ्या भिंती पार करतं, आमच्या ओळखीत एकांना फरक पडला.

पिथमपूर_शिफ्ट

@निवांत, दूध द्या, वरण द्या, हळद स्वयंपाकात घाला, कोणी अडवलंय. पण कर्क्युमिन आतड्यातूनच रक्तात नीट उतरत नाही, मेंदूची भिंत तर पुढची गोष्ट. आणि आत्याबाईंनी आधीच पोह्यांवर हळद घालून पाहिलीय 🙂 (माफ करा भिया, राहवलं नाही.) पण सिरियसली, शेक आणि केमो चालू असताना कर्क्युमिनच्या जास्त डोसच्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता देऊ नका, कोणाचंही ऐकून.

ग्वाल्हेरची_सून

दादा, तुमची पोस्ट वाचून मला सगळं परत आठवलं. माझ्या सासऱ्यांना हेच होतं, आम्ही ग्वाल्हेरचे. भिंतीचं वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त घरातलं सांगते कारण ते कोणी सांगत नाही.

कॅप्सूल रिकाम्या पोटी. आमच्याकडे रात्री झोपताना द्यायचो, जेवण साडेसातला आटपायचं, साडेनऊला उलटीची गोळी, दहाला टेमो, एका ग्लास पाण्याबरोबर आणि मग सरळ आडवं. काही ठिकाणी शेकाच्या तासभर आधी द्यायला सांगतात, तुमचे डॉक्टर सांगतील ती वेळ धरा, पण एकदा धरली की तीच ठेवा. कॅप्सूल कधीही उघडायची नाही, चावायची नाही, फुटली तर हातानं पुसायची नाही. मी ग्लोव्हज घालून वाटीत काढून द्यायचे, सासरे म्हणायचे "सून मला विष देते का काय". उलटी झाली तर त्या रात्री दुसरी द्यायची नाही, सकाळी फोन करायचा.

आता आमची चूक ऐका. शेक सोमवार ते शुक्रवार असतो, तर आम्ही शनिवार-रविवार कॅप्सूल पण बंद ठेवली. दोन आठवडे! आम्हाला जिथून फाइल मिळाली तिथे कोणी सांगितलंच नाही की शेक चालू असेपर्यंत कॅप्सूल सातही दिवस असते, आणि आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात स्ट्रिपा उरल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं हे कसं काय. तेव्हा कॅलेंडर भिंतीवर लावा आणि रोज खूण करा.

दुसरं, डोस उंची-वजनावरून ठरतो आणि कॅप्सूल वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, २०, १००, २५०. सासऱ्यांना १२० होता, म्हणजे एक शंभरची आणि एक वीसची. एकदा दुकानदारानं दोन्ही डबे वीसचेच दिले, रंग बघून माझ्या लक्षात आलं म्हणून बरं. नंतर शेक संपल्यावर महिनाभर सुट्टी आणि मग महिन्यातून पाच दिवस, तेव्हा डोस वाढतो, तेव्हा पुन्हा हिशेब करावा लागतो. तुमच्या आत्याला हा हिशेब करायला द्या, खूश होईल.

लोकमान्यनगरी

ताई, खूप आभार. सात दिवसांचं मला खरंच माहीत नव्हतं, प्रिस्क्रिप्शनवर "४२ दिवस" लिहिलंय, मी पण शेकाचेच दिवस समजत होतो. सायकल आणि मालगाडीचं आत्याला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, शब्द शोधत शोधत पण नीट विचारलं, की भिंत एवढी घट्ट आहे तर एमआरआयला जे इंजेक्शन देतात त्यानं गाठ पांढरी कशी दिसली? ते आत कसं गेलं? मी गप्प.

परळची_इंदुरी

बाईंना पैकीच्या पैकी मार्क, हा प्रश्न आमच्या व्हायव्हात विचारतात. मी मूळची राजेंद्रनगरची, सध्या मुंबईत कॅन्सरचंच शिकतेय, नाइट ड्युटीवरून टाइप करतेय तेव्हा चुका माफ.

गाठीच्या मध्यभागी ट्यूमर स्वतःच्या घाईघाईनं नव्या रक्तवाहिन्या बांधतो, त्या कच्च्या असतात, गळतात. एमआरआयच्या इंजेक्शनमधलं गॅडोलिनियम तिथून झिरपतं म्हणून स्कॅनमध्ये पांढरं चमकतं. म्हणजे जिथे भिंत फुटलीय तेवढंच आपल्याला दिसतं. पण तो चमकणारा भाग सर्जन काढतात. खरी अडचण उरते ती कडेला, गाठीच्या बाहेर एक-दोन सेंटीमीटरवर, जिथे एकटदुकट पेशी चांगल्या मेंदूत रांगत गेलेल्या असतात. तिथली भिंत शाबूत. त्या पेशी आपल्याच मेंदूच्या भिंतीच्या आड लपतात, आणि आजार परत येतो तो बहुतेक वेळा तिथूनच. म्हणून "औषध जात नाही" हे अख्ख्या गाठीबद्दल म्हणणं चूक, आणि "भिंत फुटलेलीच असते, सगळं जातं" हेही चूक. कडेपर्यंत जाणारं औषध पाहिजे, ते टेमो आहे.

किती उपयोग होतो, खोटं सांगणार नाही. २००५ मध्ये रॉजर स्टुप यांची मोठी ट्रायल आली, नुसता शेक आणि शेकाबरोबर टेमो अशी तुलना. निम्मे पेशंट किती काळ जगले ते १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं. हे ऐकून लोक म्हणतात एवढंच? पण दोन वर्षांनी जिवंत असणारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले, आणि तेव्हापासून हीच पद्धत जगभर आहे. कोणाला जास्त फायदा होतो त्याची एक टेस्ट आहे, एमजीएमटी मिथायलेशन. टेमो पेशीच्या डीएनएवर डाग पाडतं, एमजीएमटी नावाचं एन्झाइम तो डाग पुसतं. ज्यांच्या गाठीत ते एन्झाइम बंद पडलेलं असतं, म्हणजे रिपोर्टमध्ये 'मिथायलेटेड', त्यांना टेमो चांगलं लागू पडतं. बघा, म्हणजे भिंत ओलांडून आत गेलं तरी काम संपलं नाही, आत पुसणारा बसलेला असू शकतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा (ब्लॉक) पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो, त्यावर ही टेस्ट होते. विचारा. आयडीएच नावाच्या जीनची टेस्टसुद्धा केलीय का ते बघा, ग्लायोब्लास्टोमा म्हटलंय म्हणजे केलीच असेल.

अल्ट्रासाउंडचा व्हिडिओ खोटा नाही. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि ठरलेल्या जागी ध्वनिलहरी मारतात, बुडबुडे थरथरतात आणि त्या शिवणी थोड्या वेळापुरत्या सैल होतात. २०१५ मध्ये टोरोंटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये कवटी न उघडता, बाहेरूनच, माणसावर पहिल्यांदा केमोबरोबर केलं. शिकागोत कवटीत छोटं यंत्र बसवून १७ पेशंटना पॅक्लिटॅक्सेल दिलं (वर पिथमपूर दादांनी म्हटलेलं, पंप बाहेर काढतो ते), २०२३ मध्ये ते छापून आलं. मेंदूत औषध चौपट ते सहापट पोचलं, आणि दार बहुतेक तासाभरात परत बंद. सुंदर काम आहे. पण पोचलं म्हणजे माणूस जास्त जगला असं अजून सिद्ध नाही, त्याच्या ट्रायली चालू आहेत. कोणी पैसे घेऊन "करून देतो" म्हणालं तर सरळ उठून या.

पिथमपूर_शिफ्ट

मॅडम, एक विचारू? आत्यांना आयसीयूत मॅनिटॉलची बाटली लागली असेलच. मी वाचलंय की मॅनिटॉलनं भिंत उघडतात. मग ती बाटली चालू असतानाच केमो का देत नाहीत?

परळची_इंदुरी

हा घोळ खूप जणांचा होतो. सूज उतरवायला हाताच्या शिरेतून जी मॅनिटॉल देतात तिनं भिंत उघडत नाही, उलट भिंत शाबूत आहे म्हणूनच ती चालते. मॅनिटॉल रक्तातच राहतं, आत जात नाही, म्हणून मेंदूतलं पाणी बाहेर ओढतं. उघडण्यासाठी द्यायचं ते मानेतल्या धमनीतून, दाट, जोरात, पेशंटला पूर्ण भूल देऊन. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये न्यूवेल्ट यांनी कित्येक वर्षं हे केलं. पण दार उघडतं तेव्हा नुसतं औषध शिरत नाही, सगळंच शिरतं. फिट येतात, सूज येते. म्हणून ते रुटीन झालं नाही.

तसंच वेफरचं. कारमुस्टिन भरलेल्या चकत्या गाठ काढलेल्या पोकळीत ठेवायच्या, भिंतीच्या आतच ठेवल्या म्हणजे ओलांडायचा प्रश्नच नाही. १९९६ पासून मान्यता आहे अमेरिकेत. पण औषध चकतीपासून काही मिलिमीटरच झिरपतं आणि पेशी गेल्यात सेंटीमीटरभर.

सराफ्यातला_रात्रकिडा

मी थोडा वेगळा केस सांगतो, विषय तोच. माझ्या बाबांचा कॅन्सर मेंदूतला नव्हता, फुफ्फुसातला, तिथून मेंदूत गेला. ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत त्या जीनमध्ये बदल. आधी त्यावरची गेफिटिनिब ही गोळी चालू होती, छाती एकदम साफ, आम्ही पेढे वाटले, आणि आठ महिन्यांनी डोकं दुखायला लागलं, एमआरआयत मेंदूत चार ठिपके. डॉक्टर म्हणाले छातीत औषध जिंकून राहिलं होतं पण डोक्यात पुरेसं पोचतच नव्हतं, म्हणून तिकडे आसरा मिळाला. मग ओसिमर्टिनिब दिलं, ते मेंदूत चांगलं शिरतं म्हणे, आणि तीन महिन्यांत ठिपके बारीक झाले, दोन दिसेनासे. आधी वाटलं आमच्या आधीच्या डॉक्टरांचं चुकलं, पण त्या वेळी आम्हाला परवडणारं तेच होतं. तर लोकमान्यनगरी, तुमच्या आत्यांना हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी फुफ्फुसाचा असेल तर डॉक्टरांना एवढं विचारा की हे औषध डोक्यात जातं का.

परळची_इंदुरी

अगदी बरोबर. ब्रेस्टमध्येही तेच, ट्रास्टुझुमॅबवर शरीर ठीक आणि मेंदूत गाठ, असे पेशंट आम्ही बघतो. आता औषधं बनवतानाच हा विचार करतात. व्होरासिडेनिब नावाचं औषध मुद्दाम मेंदूत शिरेल असं घडवलं, २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ते ग्रेड २ च्या, आयडीएच बदल असलेल्या गाठींसाठी. ग्लायोब्लास्टोमासाठी नाही, म्हणून लोकमान्यनगरी, ग्रुपवर त्याचा मेसेज आला तर हुरळू नका.

आणि एक राहिलं. डेक्सा (सूज कमी करायचं स्टेरॉइड) चालू असेल ना? त्यानं साखर वाढते, रात्री झोप जाते, चिडचिड होते. स्वतःहून कमी करू नका, एकदम बंद तर मुळीच नाही. शेक संपल्यावरचा पहिला एमआरआय कधीकधी आधीपेक्षा वाईट दिसतो, शेकामुळे भिंत आणखी गळते आणि सगळं पांढरं चमकतं, गाठ वाढली नसताना. तो रिपोर्ट हातात आल्याबरोबर घरात रडारड करू नका, डॉक्टर दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघतील मग ठरेल. दर आठवड्याचं रक्त मात्र चुकवायचं नाही, प्लेटलेट पडतात.

लोकमान्यनगरी

उशिरा लिहितोय, माफ करा, सोमवारपासून धावपळ होती.

शेक सुरू झाला. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, आत्या म्हणाली एका नाटकात असा घातला होता, कुठलं नाटक ते आठवेना, मग दुपारी एकदम आठवलं तर मला ऑफिसात फोन करून सांगितलं. एमजीएमटीचं विचारलं, डॉक्टर जरा चमकलेच, म्हणाले ब्लॉक पाठवतो, पंधरा दिवस लागतील. वाड्यातल्या काकांना सगळा थ्रेड वाचून दाखवला, ते म्हणाले "मी तेच म्हणत होतो". असो.

ग्वाल्हेरच्या ताई, कॅलेंडर लावलंय, ४२ चौकोन आत्यानं स्वतः पट्टीनं आखले, शनिवार-रविवार लाल पेननं. डबे उघडून बघितले, शंभर आणि वीस, बरोबर आहेत. पहिल्या रात्री तिनं वाटीतल्या दोन कॅप्सूल बराच वेळ बघितल्या, मग मला विचारलं "एकशे चौऱ्याण्णव ना?" मी म्हटलं हो. मग घेतल्या. उलटी नाही. आज सहा खुणा झाल्या. एकच अडचण, पहाटे पाचला डेक्सामुळे भूक लागते आणि पोहे मागते, तेव्हा पोहे चालतात ना? कॅप्सूल रात्री दहाला असते.

ग्वाल्हेरची_सून

चालतात हो. सात तास झालेले असतात. जिरावण घालूनच द्या.